वेबसाइट दिव्यांग ग्राहकांना वापरता यावी म्हणून काय करावे?

समजा, गंगापूर धरणाच्या बाजूला तुमचा द्राक्षमळा आहे, दोन-तीन खोल्या पर्यटकांना देता आणि बुकिंग वेबसाइटवर घेता. ती साइट सुधारायला एजन्सीला फोन करण्याआधी स्वतःच्याच मोबाइलवर तपासा.

सेटिंगमध्ये ‘सुलभता’ उघडून टॉकबॅक सुरू करा. आयफोनवर व्हॉइसओव्हर असते. आता फोन स्क्रीनवरचे सगळे बोलून दाखवेल. अनेक अंध माणसे फोन असाच वापरतात. मात्र टॉकबॅक सुरू झाले की एका टॅपने नुसते वाचले जाते. उघडायला दोनदा टॅप करावे लागते आणि पान सरकवायला दोन बोटे लागतात. त्यामुळे बंद कसे करायचे ते आधी शिकून घ्या, नाहीतर घरात कुणीतरी ‘फोन बिघडला’ म्हणून ओरडणार! मग डोळे मिटून, उजवीकडे स्वाइप करत एक खोली बुक करून पाहा. जिथे अडाल ते वहीत लिहा. डेव्हलपरला हीच यादी द्यायची.

आपल्याकडच्या साइटवर पहिली ठेच बहुधा दरपत्रकाला लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेले पोस्टरच साइटवर चिकटवलेले असते आणि आवाज फक्त ‘इमेज’ म्हणून पुढे जातो. दर साध्या मजकुरात टाइप करा. फोटोंना पर्यायी मजकूर द्या, म्हणजे पानावर न दिसणारे पण फोन बोलून दाखवतो असे फोटोचे वर्णन, पण ‘खोलीचा फोटो’ एवढाच नको. ‘दोन पलंग, खिडकीतून दिसणारा मळा’ असा. खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत हे मात्र पानावर उघड लिहा. व्हीलचेअर वापरणाऱ्याला तीच माहिती हवी असते आणि पर्यायी मजकूर त्याच्या नजरेला पडत नाही.

दुसरी ठेच जुन्या फॉन्टची. कृती देव या जुन्या मराठी-हिंदी फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘नाशिक’ संगणकाच्या लेखी यू, के, एफ, मग एक अवतरणचिन्ह, के, डी असा असतो, आणि स्क्रीन रीडर (टॉकबॅकसारखे, स्क्रीन वाचून दाखवणारे साधन) तेच बडबडतो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक मराठी अक्षरे मराठी म्हणूनच ओळखतो त्या पद्धतीत, आणा. पानाची भाषा मराठी अशी कोडमध्ये नोंदवायलाही सांगा. ती इंग्रजी राहिली तर देवनागरीवर इंग्रजी आवाज अडखळतो.

आता माउस बाजूला ठेवा. संगणकावर फक्त टॅब आणि एंटर वापरून बुकिंग पूर्ण झाले पाहिजे. हात थरथरणाऱ्याला माउस जमत नाही. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला कायम दिसणारे लेबल हवे. टाइप करताच पुसली जाणारी करडी सूचना चालत नाही. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा शक्यतो काढूनच टाका.

रंगांबाबत एकच आकडा लक्षात ठेवा: नेहमीच्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (फिकट-गडदपणातला फरक) किमान ४.५ : १. तो मोजणारी मोफत साधने नेटवर मिळतात. व्हिडिओला मराठी सबटायटल द्या.

कुणी ‘कशाला हा खटाटोप’ म्हणाले तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दाखवा. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

हे सगळे झाल्यावर शहरातल्याच एखाद्या दिव्यांग व्यक्तीकडून साइट तपासून घ्या, आणि त्या कामाचे पैसे द्या. अडचण कळवायला नुसता फोन नंबर देऊ नका. कर्णबधिर ग्राहकासाठी मेसेज किंवा ईमेलची सोय ठेवा, आणि तो मेसेज रोज कोण वाचणार हेही ठरवून टाका.