पोस्टर लावायच्या आधी पेटंट फाईल करा: ड्रग डिलिव्हरी आणि लसींवर काम करणाऱ्या पुणेकर पोरापोरींसाठी

पाषाणला एनसीएल आणि आयसर, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस या संशोधन संस्था, हिंजवडीत जेनोवा आणि हडपसरला सीरम या लस कंपन्या, शिवाय गल्लोगल्ली फार्मसी कॉलेजं. औषध किंवा लस पेशीच्या आत कशी पोचवायची यावर डोकं लावणारी माणसं पुण्यात जितकी आहेत तितकी देशात फार कमी ठिकाणी असतील. त्यातली पीएचडी आणि एम फार्मवाली मंडळी भेटली की प्रश्न ठरलेला, सर आमच्या कामाचं पेटंट होईल का. आणि विचारतात कधी, तर कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवून, पोस्टर लावून, लिंक्डइनवर फोटो टाकून झाल्यावर. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. पेटंट एजंटकडे जाणं यानं टळत नाही, पण जायच्या आधी एवढं माहीत असलं तर त्याचा आणि तुमचा दोघांचाही वेळ वाचेल.

तर आधी गप्प बसायचं. पेटंटला शोध नवा लागतो, म्हणजे फाईल करायच्या दिवसापर्यंत तो जगात कुठेही जाहीर झालेला नको, आणि जाहीर करणाऱ्यात तुम्हीही येता. पेपर, पोस्टर, प्रीप्रिंट, यूट्यूबवरचा वेबिनार, आणि जे कोणाच्या लक्षातच येत नाही ते म्हणजे थिसिस, कारण तो शोधगंगा या थिसिसच्या खुल्या साइटवर चढला की झाला जाहीर. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३१ खाली १२ महिन्यांची सवलत आहे खरी पण ती अरुंद आहे, विद्वत्सभेत वाचलेला पेपर किंवा सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन असल्या मोजक्या गोष्टींना लागू होते, कुठल्याही जर्नलला किंवा पोस्टरला लागू होईल असं धरून चालू नका. अमेरिकेत एक वर्षाची सूट मिळते, युरोपात तुम्ही स्वतःहून छापलंत तर जवळपास काहीच नाही. गाईड म्हणाले पेपर आधी टाकू, तर त्यांना नम्रपणे सांगा की प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पकडायला टाकायचा पहिला कच्चा अर्ज करून लगेच दुसऱ्या दिवशी पेपर टाकता येतो, पेपर काही अडत नाही. कंपनीशी बोलायचं असेल तर आधी एनडीए (गुप्ततेचा करार) सही करून घ्या, आणि अमृततुल्यवर बसून फॉर्म्युलेशनचे रेशो मोठ्यानं बोलू नका, शेजारच्या टेबलावर कोण बसलंय सांगता येत नाही.

आता खरा कामाचा भाग, तुमचा शोध नक्की कशात आहे ते एका वाक्यात लिहा. बऱ्याच जणांना हे जमत नाही. 'आम्ही एमआरएनए डिलिव्हर केला' हा शोध नाही, ते तुमचं काम झालं. लिपिड नॅनोपार्टिकल (एलएनपी) घ्या उदाहरणाला, म्हणजे औषध आत घेऊन जाणारा चरबीचा अतिसूक्ष्म कण. त्यात साधारण चार गोष्टी असतात, आयनायझेबल लिपिड, डीएसपीसीसारखं फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पेग लावलेलं लिपिड. २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं ऑनपॅट्रो, म्हणजे एलएनपीतून दिलेलं पहिलं एसआयआरएनए (ठरावीक जीनचं काम थांबवणारा छोटा आरएनए) औषध, त्यात हे प्रमाण मोलमध्ये ५० आयनायझेबल लिपिड : ३८.५ कोलेस्टेरॉल : १० डीएसपीसी : १.५ पेग लिपिड असं आहे. सगळी गंमत त्या ५० वाल्या लिपिडमध्ये. बाहेर रक्ताच्या पीएचला ते जवळपास न्यूट्रल राहतं, पेशीनं आत ओढून घेतल्यावर एंडोसोममध्ये (पेशीतल्या छोट्या पिशवीत) पीएच उतरला की त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज येतो, मग ते एंडोसोमच्या पडद्याशी भिडतं आणि आतला माल सायटोप्लाझममध्ये सुटतो. फायझर-बायोएनटेकच्या लशीत हे लिपिड म्हणजे एएलसी-०३१५, मॉडर्नाच्या लशीत एसएम-१०२, बाकी रेसिपी बरीच सारखी.

म्हणजे शोध कुठे असू शकतो बघा. नवीन लिपिडचा रेणू असेल तर फारच छान, सगळ्यात भक्कम क्लेम (पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क सांगता ते वाक्य) तोच. जुनीच लिपिडं पण प्रमाण बदलल्यावर माल लिव्हरऐवजी दुसऱ्या अवयवात जातोय, तर शोध कॉम्पोझिशनमध्ये. पार्टिकल बनवायची पद्धत नवीन, तर प्रोसेसमध्ये. सुकवून ठेवायची युक्ती, तर स्टेबल फॉर्म्युलेशनमध्ये, आणि ही युक्ती कमी समजू नका. जेनोवाच्या जेमकोव्हॅकला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, त्याचं वैशिष्ट्य हेच की एमआरएनए लस असूनही साध्या २ ते ८ डिग्रीच्या फ्रीजमध्ये राहते, आणि पुढे आलेली ओमिक्रॉनवाली लस तर सुई न वापरता कातडीत देतात. सीरमची मेनॅफ्रीव्हॅक हे अजून एक उदाहरण. मेनिन्जायटिस ए ची ही लस २०१० मध्ये आफ्रिकेत गेली ५० सेंटपेक्षा कमी भावात, आणि तो भाव जमला तो अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनी काढलेल्या पॉलिसॅकराइड आणि प्रोटीन जोडायच्या पद्धतीमुळे, लस इथे बनली पण पद्धत लायसन्सनं आली. प्रोसेसला नाक मुरडणाऱ्या गाईडना हे जरूर ऐकवा.

शोध ठरला की आधीचं काम शोधा, निदान दोन संध्याकाळी तरी द्या त्याला. भारतीय पेटंटसाठी इनपास, बाकी एस्पेसनेट, पेटंटस्कोप, गूगल पेटंट्स, सगळं फुकट आहे. नुसते कीवर्ड टाकून भागत नाही कारण एकजण नॅनोपार्टिकल म्हणतो, दुसरा व्हेसिकल, तिसरा कोलॉइडल कॅरियर. क्लासिफिकेशन कोडनं शोधा. लिपोसोमला ए६१के ९/१२७, नॅनोकॅप्सूलसारख्या गोष्टींना ए६१के ९/५१, लस आणि अँटिजेनला ए६१के ३९, कॅरियरवर औषध बांधलेलं असेल तर ए६१के ४७, लिपोसोममधून जीन आत घालायच्या पद्धतीला सी१२एन १५/८८. साइटवर टाकताना अक्षरं अर्थातच रोमन. जे सापडेल त्याचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून सोडू नका, क्लेम वाचा, पहिला क्लेम तर दोनदा.

आता भारतातला कायदा, इथे ड्रग डिलिव्हरीवाले हमखास अडकतात. कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळत नाही याची यादी आहे आणि ती यादी जणू आपल्यालाच समोर ठेवून केल्यासारखी वाटते. ३(डी) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप चालणार नाही, एफिकसी (परिणामकारकता) वाढलेली दाखवा, आणि रूपांच्या यादीत पार्टिकल साईझ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे जुन्या औषधाचे नॅनो आकाराचे कण केले एवढ्यावर अर्ज टिकणं अवघड. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिसच्या ग्लिवेकच्या केसमध्ये सांगितलं की औषधाच्या बाबतीत एफिकसी म्हणजे थेराप्युटिक एफिकसी (रोगावरचा प्रत्यक्ष गुण), तिथे ३० टक्के जास्त बायोअव्हेलेबिलिटी (रक्तात पोचणारं औषध) दाखवली होती, तेवढं पुरलं नाही. आपल्याकडे थिसिसमध्ये सेल अपटेक वाढला, एयूसी (रक्तात एकूण किती औषध राहिलं) वाढला, कन्फोकल मायक्रोस्कोपची झकास हिरवी-लाल चित्रं, इथे गाडी थांबते. पेटंट हवं असेल तर एक पाऊल पुढे जाऊन साध्या औषधाच्या शेजारी तुमचं फॉर्म्युलेशन ठेवून प्राण्यात ट्यूमर किती कमी झाला, किती प्राणी जगले, लस असेल तर न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी किती आणि चॅलेंज दिल्यावर (मुद्दाम जंतू टोचल्यावर) संरक्षण मिळालं का, असा डेटा लागतो.

३(ई) म्हणजे नुसतं मिश्रण. लिपिड अ अधिक अ‍ॅडज्युव्हंट ब (लशीचा परिणाम वाढवणारा पदार्थ), आणि परिणाम दोघांच्या बेरजेइतकाच, तर गेलं. बेरजेपेक्षा जास्त येतंय हे दाखवायला अ एकटं, ब एकटं आणि दोन्ही मिळून असे तिन्ही ग्रुप एकाच प्रयोगात हवेत. हे आधी माहीत असेल तर प्रयोग तसाच आखता येतो, नंतर कळलं तर परत एथिक्स कमिटी, परत उंदीर, परत सहा महिने. ३(आय) खाली उपचाराची किंवा प्रतिबंधाची पद्धत बाद, त्यामुळे 'ही लस दोन डोसमध्ये चार आठवड्यांच्या अंतरानं द्यायची पद्धत' असा क्लेम अमेरिकेत लिहितात, इथे नाही चालत, इथे लस, कॉम्पोझिशन, किट, बनवायची प्रक्रिया असं लिहावं लागतं. आणि लशीत जिवंत विषाणू असला म्हणून प्रक्रियेचं पेटंट नाकारता येत नाही, हे कलकत्ता हायकोर्टानं २००२ मध्ये डिमिनॅको केसमध्ये सांगितलंय, तिथे कोंबड्यांच्या लशीची प्रक्रिया होती.

३(पी) राहिलं, पारंपरिक ज्ञान. करक्युमिनचे नॅनोपार्टिकल केले नाहीत असं फार्मसी कॉलेज पुण्यात दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं, आपल्या सीएसआयआरनं भांडून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं, तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते एनसीएलमधूनच गेलेले डॉ. माशेलकर. त्यामुळे हळद, अश्वगंधा, गुळवेल असं काही असेल तर क्लेमचा भार कॅरियरवर टाका, वनस्पतीच्या गुणावर नको.

लिहिताना अजून एक पथ्य. तुम्ही एकच रेशो करून पाहिला आणि क्लेममध्ये ३० ते ७० टक्के लिहिलं तर तपासणारा विचारणारच, आधार काय. रेंजच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये कुठेतरी अशी उदाहरणं द्या, आणि जे रेशो फसले तेही द्या, त्यानं तुमच्या रेंजला वजन येतं. प्रत्येक बॅचला साईझ, पीडीआय (कण किती एकसारखे), झीटा (कणांवरचा चार्ज), एन्कॅप्सुलेशन (किती माल आत बसला), आणि कुठल्या मशीनवर कसं मोजलं ते. लॅब नोटबुकवर तारीख टाका, सही घ्या. डीएनए-आरएनए किंवा प्रोटीनचा सिक्वेन्स असेल तर पीसीटीला (अनेक देशांसाठीच्या एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाला) एसटी.२६ फॉरमॅटमधली लिस्टिंग लागते, जुलै २०२२ पासून, ती शेवटच्या रात्री करायला घेऊ नका.

नवीन स्ट्रेन (सूक्ष्मजीवाचा वाण) वापरला असेल, लोकांना सहज मिळत नाही असा आणि नुसतं लिहून नीट वर्णन होत नाही असा, तर तो बुडापेस्ट करारातल्या मान्य संस्थेत जमा करावा लागतो आणि तेही अर्जाच्या तारखेपर्यंत. इथे आपली चैन आहे, चंदीगडच्या एमटीसीसीसारखीच मान्यता असलेलं एमसीसी, म्हणजे मायक्रोबियल कल्चर कलेक्शन, पुण्यातच आहे. भारतात मिळालेलं जैविक साहित्य असेल तर ते कुठून आणलं हे स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या शोधाच्या वर्णनात) लिहायचं, आणि पेटंट ग्रँट व्हायच्या आधी नॅशनल बायोडायव्हर्सिटी अथॉरिटीचं काम उरकायचं. मुळा-मुठेच्या गाळातून काढलेला बॅक्टेरिया पण यात येतो बरं का.

नावांचा घोळ आधीच मिटवा. इन्व्हेंटर म्हणजे ज्यानं डोकं लावलं तो, मशीन चालवणारा नाही आणि एचओडी आहे म्हणून एचओडीही नाही. अर्जदार बहुतेक वेळा संस्था असते, त्यामुळे संस्थेची आयपी (बौद्धिक संपदा) पॉलिसी आणि संशोधनाच्या अनुदानाचं पत्र दोन्ही वाचा. दोन संस्था असतील तर करार आधी. कोव्हॅक्सिनचा विषाणू आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीत, म्हणजे आयसीएमआरच्या विषाणू संस्थेत वेगळा केला होता, तरी पेटंट अर्जात सुरुवातीला आयसीएमआरचं नाव नव्हतं, २०२४ मध्ये भारत बायोटेकनं ते अनवधानानं राहिलं असं सांगून नाव जोडायची प्रक्रिया सुरू केली. एवढ्या मोठ्या ठिकाणी असं होतं तर आपल्याकडे होणारच.

फायलिंग सोपं आहे, उगाच घाबरतात लोक. सगळं ऑनलाइन, महाराष्ट्राचे अर्ज मुंबई ऑफिसला जातात. फॉर्म १ आणि फॉर्म २, व्यक्ती, स्टार्टअप किंवा शैक्षणिक संस्था असेल तर १६०० रुपये, स्टार्टअप किंवा संस्थेला सवलतीसाठी फॉर्म २८. आधी प्रोव्हिजनल टाका, मग १२ महिन्यांत कम्प्लीट, म्हणजे पूर्ण अर्ज. ३० पानं आणि १० क्लेमच्या पुढे जादा पैसे. तपासणीसाठी फॉर्म १८ वेगळा मागावा लागतो, ४००० रुपये, नवीन नियमांत मुदत ३१ महिने, आणि तो भरायचा राहिला तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात. स्टार्टअप असेल किंवा सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यात बाई असेल तर फॉर्म १८ए नं लवकर तपासणी मागता येते. परदेशात जायचं असेल तर त्याच १२ महिन्यांत पीसीटी. थेट बाहेरच पहिलं फायलिंग करायचं असेल तर फॉर्म २५ ची परवानगी, नाहीतर इथे फाईल करून सहा आठवडे थांबायचं. स्टार्टअपवाल्यांच्या एजंटची फी सरकारी योजनेतून भागते, आणि एनसीएलच्या इनोव्हेशन पार्कमध्ये व्हेंचर सेंटर आहे तिथे आयपीबद्दल विचारायला जाता येतं.

पेटंट मिळालं म्हणजे विकायला मोकळे असं मात्र नाही. तुमच्या एलएनपीत दुसऱ्याचं लिपिड असेल तर त्याचं लायसन्स लागणार, २०२२ मध्ये आर्ब्युटस आणि जेनेव्हंटनं मॉडर्नाला याच डिलिव्हरीच्या पेटंटवरून कोर्टात खेचलं होतं. त्यामुळे स्टार्टअप काढायच्या आधी फ्रीडम टू ऑपरेट, म्हणजे दुसऱ्याच्या पेटंटवर पाय पडत नाही ना याची तपासणी, वेगळं करून घ्या.

१८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, त्यानंतर कोणीही ग्रँटच्या आधी विरोध नोंदवू शकतं. मग एफईआर, म्हणजे तपासणीचा पहिला अहवाल येतो. त्यात पाच-सहा आक्षेप असणारच, ३(डी), ३(ई), नावीन्य नाही, वगैरे. तो बघून हातपाय गाळू नका, जवळपास सगळ्यांनाच येतो. उत्तराला सहा महिने आहेत, वर तीन महिने वाढवून मिळतात, पण ज्यानं प्रयोग केले तो तोपर्यंत पोस्टडॉकला जर्मनीला गेलेला असतो आणि कच्चा डेटा त्याच्या जुन्या लॅपटॉपवर. म्हणून तो जायच्या आधी सगळा रॉ डेटा, एक्सेल आणि प्रिझमच्या फाईलींसकट, लॅबच्या ड्राइव्हवर घ्या आणि त्याच्याकडून फॉर्म १ वर सही पण करून घ्या.