हजार क्लिकमागे किती फोटो हाती लागतात?

दिवसभराच्या लग्नात अडीच-तीन हजार क्लिक झाले, तर देण्याजोगे फोटो ६०० ते ८०० धरा. साधारण चारातला एक. पण हा हिशेब घेऊन चाळीसगावच्या किंवा शिरपूरच्या लग्नात उतरलात तर गोंधळाल, कारण प्रत्येक विधीचं प्रमाण वेगळं असतं.

आहेराच्या रांगेत नवरा-नवरी जागेवर उभे, लाइट ठरलेला. पाहुणे पाकीट देतात, कॅमेऱ्याकडे बघतात. दहातले नऊ फोटो चांगले येतात आणि अल्बमला त्यांचाच उपयोग सगळ्यात कमी. उलट नवरदेव मारुतीच्या पारावरून निघतो तेव्हा बँड, नाचणारी पोरं, उडणारी धूळ. तिथे दहातले दोन मिळाले तरी मी समाधानी असतो. हळदीचंही तेच. म्हणून कार्ड आणि बॅटरी या दोन ठिकाणी मोकळ्या हाताने वापरा.

सगळ्यात अवघड टाळी. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो आणि काही सेकंदांत हार पडतात. त्याच वेळी अक्षता उडतात, ऑटोफोकस चेहरा सोडून अक्षतांवर जातो, पुढे मोबाइल धरलेले हात. मंगलाष्टकं चालू असतानाच चेहऱ्यावर फोकस घेऊन लॉक करा. फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवला तर सलग फ्रेममध्ये तो पेटतच नाही. ताकद १/८ वर आणा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवा. वीसेक फ्रेममधून दोन स्वच्छ निघाल्या की काम झालं.

ग्रुप फोटोला मात्र चक्क गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी ते मांडलं, त्याला २००६ चं इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तिनाने भागा, कमी उजेडात दोनाने. तेवढे फोटो काढले की सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक जवळजवळ नक्की मिळतो. बारा जणांसाठी चार, रात्री सहा. सगळे भाऊबंद स्टेजवर चढले की हे मला फार उपयोगी पडतं.

आपल्याकडे मे महिन्यात भरदुपारचे मुहूर्त असतात. लाल-गुलाबी कापडाच्या मांडवात सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे दिसतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जपणारी फाइल) काढलेलं असेल तर असे बरेच फोटो वाचतात, जेपीईजीत फारसे नाही.

गिऱ्हाइकाला फोटोंचा आकडा छातीठोकपणे सांगू नका. त्याऐवजी आदल्या दिवशी घरच्या जाणत्या माणसाला विचारून मामा, आत्या, आजी अशी नावं लिहून घ्या. निवड करताना बंद डोळे, हललेले, एकसारखे फोटो बेधडक काढून टाका. पण नातवाला कुरवाळणाऱ्या आजीचा एकच फोटो असेल आणि तो थोडा हललेला असेल, तर तो द्याच. घरचे लोक तोच मोठा करून मागतात.