गावच्या आराखड्यात तरुणांचा रोजगार: पैसा कुठून आणायचा, कसा जोडायचा

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातले पंचायत सदस्य आणि युवक मंडळं यांच्यासाठी हे लिहिलं आहे. प्रशिक्षणाचा पैसा एका खात्याकडे असतो, अनुदानाचा दुसऱ्याकडे, कर्ज बँकेकडे, आणि शेड, वीज, रस्ता पंचायतीकडे. हे सगळं एकाच वर्षात त्याच मुलामुलींपर्यंत पोचलं तरच रोजगार उभा राहतो. एरवी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि पोरगा गोव्याच्या बसमध्ये बसतो.

आधी यादी, तीही गणपतीत

ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी बाहेर गेलेली मुलं गावात सापडतात ती गणपतीतच. १८ ते ३५ वयाच्या प्रत्येकाचं शिक्षण, आयटीआयचा ट्रेड, जातीचा दाखला, आधी घेतलेलं सरकारी कर्ज आणि सध्याचं काम वहीत लिहा. कोल्हापूरजवळच्या कागल किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रोज ये-जा करणारे आणि गोव्यात राहणारे यांचीही नोंद करा. त्यांच्या हातात कसब आहे, पण गावच्या बेरोजगारांच्या यादीत ते कधी दिसत नाहीत.

मग धंदा ठरवा. शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर एवढ्यावर थांबू नका. एका गावात पंधरा शिलाई मशीन आल्या तर पंधरांपैकी कुणालाच पुरेसं काम मिळत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपना कोणते ऑपरेटर हवेत, ते तिथे जाऊन विचारा. चार किंवा जास्त कामगार असलेला कारखाना अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घेऊ शकतो, तीस किंवा जास्त असतील तर घ्यावेच लागतात. राष्ट्रीय अप्रेंटिस योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार भरतं. लहान कारखानदाराला हे बऱ्याचदा माहीत नसतं. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन बेळगाव जिल्ह्यालाही लागू आहे. चर्मकार आणि कुंभार या दोघांना पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज मिळतं. लाभ कुटुंबातल्या एकालाच.

ठराव वाचल्याशिवाय सही नको

वॉर्ड सभेत मागणी मांडा, ग्रामसभेत ठराव करा, पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, यांच्याकडून तो आराखड्यात चढवून घ्या. "युवकांना प्रशिक्षण देणे" असा मोघम ठराव कुठेच पोचत नाही. धंदा, मुलांची संख्या, जागा आणि कोणत्या निधीतून किती, हे चारही लिहा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेसाठी, तोही पगारावर खर्च करता येत नव्हता. चालू काळाचा आदेश पीडीओंकडून मागून घ्या. हा पैसा शेड, वीजजोडणी, वाचनालय अशा सामायिक गोष्टींवर लावा. कुणा एकाच्या धंद्यात तो घालू नका, लेखापरीक्षणात अडकेल.

कागद कन्नडमध्ये असतात. तिथे "उद्योग" म्हणजे नोकरी किंवा काम, आपला कारखाना नव्हे. "साल" म्हणजे कर्ज, वर्ष नव्हे. "सहायधन" म्हणजे अनुदान, "तरबेती" म्हणजे प्रशिक्षण. या चार शब्दांवरून झालेले घोळ निस्तरायला महिने जातात. तक्रारीचा अर्ज मराठीत देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिला आहे, तो जरूर वापरा. पण काम लवकर हवं असेल तर सोबत कन्नड प्रत जोडा.

प्रशिक्षणापासून कर्जापर्यंत

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, राहणं-जेवण धरून मोफत शिकवते आणि पुढे दोन वर्षं पाठपुरावा करते. एकेकटा अर्ज पाठवण्यापेक्षा एकाच धंद्याची शेजारच्या पंचायतींसह तीसेक नावं न्या, म्हणजे वेगळी तुकडी मागता येते. तिथलं उद्योजकतेचं प्रमाणपत्र पीएमईजीपीच्या, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या, अर्जाला उपयोगी पडतं.

पीएमईजीपीत उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के अनुदान, महिला आणि इतर विशेष गटांना ३५ टक्के. गावातल्या एका मुलीचा ४ लाखांचा प्रकल्प धरा: स्वतःचे ५ टक्के म्हणजे २०,०००, बँकेचे ३,८०,०००, आणि या कर्जापोटी जमा होणारं अनुदान १,४०,०००. पण हे १,४०,००० हातात येत नाहीत. ते तीन वर्षं बँकेत तिच्या नावे ठेव म्हणून अडकलेले असतात; त्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. हप्ता काढताना हे धरलं नाही, तर पहिल्याच सहा महिन्यांत खातं थकतं.

अर्ज मागे फिरण्याची कारणं ठरलेली. पंचायतीचा ग्रामीण क्षेत्राचा दाखला जोडलेला नसतो. प्रकल्प खर्चात जमिनीची किंमत घातलेली असते, ती चालत नाही. चालू धंदाच नवा म्हणून दाखवलेला असतो. नवरा-बायको दोघांनी अर्ज केलेला असतो, आणि योजना कुटुंबात एकालाच. १० लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत तारण मागितलं तर कारण लेखी मागा.

युवा निधी या कर्नाटक सरकारच्या बेरोजगार भत्त्याचे महिन्याला पदवीधराला ३,००० आणि डिप्लोमाधारकाला १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं, हा दरम्यानच्या काळाचा आधार. नोकरी किंवा अप्रेंटिसशिप लागली की ते लगेच कळवा. खोटं स्वघोषणापत्र दिलं तर पैसे परत करावे लागतात.

कर्ज मिळालं की पंचायतीनं वही बंद करू नये. तीन वर्षांत कधीतरी तपासणीला माणूस येतो, आणि त्या दिवशी यंत्र चालू, फलक लावलेला आणि खरेदीची बिलं जागेवर असावी लागतात. युनिट बंद सापडलं तर अनुदान परत जातं आणि सगळं कर्ज त्या मुलीच्या डोक्यावर येतं. दर सहा महिन्यांनी युवक मंडळानं प्रत्येक युनिटला जाऊन बिलं आणि हप्त्याच्या नोंदी बघाव्यात. दोन हप्ते चुकलेले दिसले तर तिसऱ्याची वाट न बघता तिला सोबत घेऊन शाखेत जावं.