अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज : खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीला किती खर्च येतो असे विचारले, की बहुतेक जण न्यायालयाच्या फीचा आकडा सांगून मोकळे होतात. दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ७ खाली (संरक्षण नसलेली मालमत्ता विकून बहुतेक कर्जे माफ होतात) अर्ज केल्यास ही फी डिसेंबर २०२० पासून ३३८ डॉलर आणि चॅप्टर १३ खाली (ठरलेल्या योजनेनुसार हप्त्यांनी परतफेड करावी लागते) ३१३ डॉलर आहे; पती-पत्नींनी संयुक्त अर्ज केला तरी ती एकदाच भरावी लागते. एकूण खर्चात हा वाटा सहसा लहानच असतो. मोठी रक्कम जाते ती अर्जाच्या आधीच्या काही महिन्यांत घाईने घेतलेल्या निर्णयांपायी आणि अर्जानंतर राहून गेलेल्या कागदपत्रांपायी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेली पुंजी मोडून क्रेडिट कार्डांची देणी भागवणे. नोकरीतून उघडलेल्या ४०१(के) खात्यातील रकमेला कायद्याचे संरक्षण असते आणि दिवाळखोरीतही धनकोंना सहसा तिला हात लावता येत नाही. समजा, एखाद्या ४५ वर्षांच्या व्यक्तीने या खात्यातून २०,००० डॉलर काढले, तर मुदतीपूर्वी पैसे काढल्याबद्दल १० टक्के, म्हणजे २,००० डॉलरचा भुर्दंड बसतो आणि संपूर्ण रकमेवर प्राप्तिकर लागतो तो वेगळाच. न्यायालयाच्या फीच्या जवळजवळ सहापट रक्कम नुसत्या दंडात जाते. ज्या कार्डांसाठी हा खटाटोप केला त्यांची थकबाकी चॅप्टर ७ मध्ये बहुधा माफ झालीच असती. उलट नव्याने निर्माण झालेली प्राप्तिकराची थकबाकी मात्र माफ होत नाही. एवढे सगळे करूनही शेवटी अर्ज करावाच लागतो, ही यातली खरी दुर्दैवाची गोष्ट आहे.

घरच्यांचे पैसे आधी देऊन टाकावेत, ही भावना समजण्यासारखी असली तरी कायदा तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. अर्जापूर्वीच्या एका वर्षात नातेवाइकांची उधारी फेडली असेल, तर इतर धनकोंना डावलले गेले या कारणावरून ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोरीचे प्रकरण सांभाळण्यासाठी नेमलेली व्यक्ती, ती रक्कम थेट त्या नातेवाइकाकडून परत मागू शकतो, आणि मग ज्याचे भले करायचे होते त्यालाच वकील करण्याची वेळ येते. अर्जापूर्वीच्या ९० दिवसांत कार्डावर केलेली चैनीची मोठी खरेदी आणि ७० दिवसांत उचललेली मोठी रोख रक्कम यांबाबतही धनको हरकत घेऊ शकतो, त्यामुळे अर्ज करायचे ठरल्यानंतर कार्ड वापरणे थांबवणेच योग्य.

फी एकरकमी भरणे शक्य नसेल, तर अर्ज पुढे ढकलण्याची गरज नाही. न्यायालयाच्या परवानगीने ती जास्तीत जास्त चार हप्त्यांत भरता येते आणि शेवटचा हप्ता साधारणपणे अर्जापासून १२० दिवसांच्या आत द्यावा लागतो. चॅप्टर ७ मध्ये संपूर्ण फीमाफीही मागता येते. मात्र कुटुंबाचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांहून कमी असले पाहिजे आणि हप्तेही परवडत नाहीत हे दाखवता आले पाहिजे. हप्त्यांची सवलत घेणाऱ्यांच्या एक अट हमखास नजरेआड होते : न्यायालयाची फी पूर्ण चुकती होईपर्यंत या प्रकरणापोटी वकिलाला किंवा अर्ज भरून देणाऱ्याला आणखी पैसे देता येत नाहीत. हप्ता चुकला आणि त्यामुळे प्रकरण रद्द केले गेले, तर भरलेली फी परत मिळत नाही. शिवाय वर्षभरात पुन्हा अर्ज केल्यास वसुलीला मिळणारी आपोआपची स्थगिती, न्यायालयाने मुदत वाढवून दिली नाही तर, केवळ ३० दिवस टिकते.

वकिलाच्या शुल्काचे गणित दोन्ही चॅप्टरमध्ये निराळे आहे. चॅप्टर ७ मध्ये ते बहुधा अर्जापूर्वीच घेतले जाते, कारण अर्जाच्या वेळी थकलेले शुल्क हेही इतर कर्जांसारखेच एक कर्ज ठरते. चॅप्टर १३ मध्ये ते परतफेडीच्या योजनेतून भागवता येते आणि म्हणूनच आज खिशातून काही द्यावे लागत नाही एवढ्याच कारणाने काही जण तिकडे वळतात. ही योजना तीन ते पाच वर्षे चालते, तिच्या हप्त्यांतून ट्रस्टीचा १० टक्क्यांपर्यंतचा वाटा वळता होतो आणि ती मध्येच कोसळली तर कर्जमुक्तीही मिळत नाही. स्वस्तात अर्ज भरून देणाऱ्यांचा मार्गही जपूनच निवडावा. कायद्यानुसार त्यांना केवळ माहिती नमुन्यांत भरता येते. कोणता चॅप्टर निवडावा किंवा कोणती मालमत्ता वाचवता येईल याचा सल्ला देण्याची त्यांना मुभा नाही.

दोन अनिवार्य अभ्यासक्रमांपैकी पहिला, म्हणजे कर्ज-समुपदेशन, अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत पूर्ण करावा लागतो. दुसरा, म्हणजे पैशांच्या व्यवस्थापनाचा, अर्जानंतरचा असतो आणि नेमका तोच विसरला जातो. त्याचे प्रमाणपत्र चॅप्टर ७ मध्ये धनकोंच्या बैठकीच्या पहिल्या नियोजित तारखेपासून ६० दिवसांत दाखल झाले नाही, तर प्रकरण कर्जमुक्तीविना बंद होऊ शकते. तसे झाल्यास अभ्यासक्रम पूर्ण करून प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती करता येते, परंतु त्यासाठी अडीचशे डॉलरच्या आसपास फी पुन्हा मोजावी लागते. संयुक्त अर्जात पती आणि पत्नी दोघांचीही स्वतंत्र प्रमाणपत्रे लागतात.

एखादा धनको अर्जासोबतच्या यादीतून सुटल्याचे नंतर लक्षात आले, तर सुधारित यादी दाखल करता येते. त्याची फी तीस-पस्तीस डॉलर आहे आणि दरवेळी नवी दुरुस्ती केली की ती पुन्हा लागते, म्हणून सुटलेली सर्व नावे शोधून एकाच दुरुस्तीत घालावीत. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांचे अहवाल आधी तपासले तर बहुतेक नावे सापडतात, पण मित्राकडून घेतलेली उसनवारी आणि रुग्णालयाची अलीकडची बिले त्यांत दिसतीलच असे नाही; ती नावे बँकेची विवरणपत्रे आणि घरी आलेली टपालाची पाकिटे चाळूनच यादीत घालावी लागतात.