जेट लॅग: आपली पहाट परदेशात किती वाजता होते, ते आधी काढा

मुलीच्या बाळंतपणासाठी ठाण्याहून न्यू जर्सीला निघालेले आईवडील असोत, ऐरोलीच्या ऑफिसातून लंडनला चाललेला इंजिनिअर असो की मेलबर्नला शिकायला निघालेली वाशीची मुलगी, सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: भरपूर पाणी प्या आणि पोचल्यावर उन्हात फिरा. पाण्याचं ठीक आहे. उन्हाचं असं सरसकट सांगणं मात्र बरोबर नाही, कारण चुकीच्या वेळी घेतलेलं ऊन जेट लॅग, म्हणजे शरीराचं घड्याळ आणि तिथली वेळ यांचा बिघडलेला मेळ, आणखी लांबवतं.

झोप, भूक, शरीराचं तापमान हे सगळं चालवणारं मुख्य घड्याळ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये असतं आणि ते लावलं जातं मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. पेशींमधली ही घड्याळं कशी चालतात, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. बहुतेकांचं हे घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित जास्त लांबीचं असतं. म्हणून उशिरा झोपणं आपल्याला सहज जमतं, लवकर झोपणं जड जातं; आणि म्हणूनच पश्चिमेचा प्रवास त्यातल्या त्यात सोपा, पूर्वेचा कठीण. पूर्वेकडे जाताना तासाच्या फरकाला साधारण एक दिवस धरा.

पहिली पायरी: गणित

रोजच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. सातला उठणाऱ्याचं साधारण पहाटे साडेचारला. त्या क्षणानंतरच्या काही तासांतला उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे झोप लवकर येऊ लागते. त्याआधीच्या काही तासांतला उजेड ते मागे ढकलतो. तेव्हा कागदावर एकच गोष्ट लिहा: आपले पहाटेचे साडेचार तिथे किती वाजता होतात?

लंडनला उन्हाळ्यात (तेव्हा तिथली घड्याळं एक तास पुढे असतात) रात्री 12 वाजता. पश्चिमेला गेल्यावर घड्याळ मागे न्यायचं असतं, म्हणून संध्याकाळचा उजेड हवा. लंडनला जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे जेवणानंतर बाहेर फिरा. रात्री दोनला टक्क जाग आली तर दिवे लावून मोबाईल उघडू नका. तो उजेड नेमका उलट दिशेला ओढतो. अंधारातच पडून राहा.

न्यू जर्सीला हीच वेळ उन्हाळ्यात संध्याकाळी 7, हिवाळ्यात 6. म्हणजे दुपार बाहेर घालवायची. इथेच आईबाबांची पंचाईत होते. उन्हाळ्यात तिथली दुपारी दोनची वेळ म्हणजे शरीराच्या लेखी रात्रीचे साडेअकरा, डोळे मिटायला लागतात आणि मुलं प्रेमाने म्हणतात, ‘पडा जरा.’ पडू देऊ नका. त्यांना घेऊन बागेत जा, दुकानात जा. घड्याळ रोज तास-दीड तास सरकतं, तशी उजेडाची वेळही रोज तेवढी उशिरापर्यंत न्या.

मेलबर्नला ही वेळ सकाळी 9, तिथल्या उन्हाळी वेळेत 10. तिथे घड्याळ पुढे आणायचं असतं. पहिल्या दिवशी सातला उठून फिरायला गेलात तर उलटा परिणाम. नऊपर्यंत (उन्हाळी वेळेत दहापर्यंत) पडदे ओढलेले ठेवा, बाहेर पडावंच लागलं तर काळा चष्मा लावा, मग पुढचे तीन तास भरपूर ऊन घ्या. दुसऱ्या दिवसापासून रोज एकेक तास लवकर.

काम दोन-तीन दिवसांचंच असेल तर यातलं काही करू नका. भारतीय वेळेनुसारच झोपा आणि महत्त्वाच्या मीटिंगा त्याला सोयीच्या तासांत मागून घ्या.

निघण्याआधी

शेवटचे तीन दिवस झोप रोज एक तास सरकवा: पूर्वेला जायचं तर लवकर, पश्चिमेला तर उशिरा. लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आदल्या रात्री चकल्या-लाडवांची पाकिटं वजनकाट्यावर चढवत जागायचं आणि वर विमानात रात्र काढायची, यात जेट लॅगच्या आधीच झोपेचं देणं साठतं. बॅगा दोन दिवस आधी बंद करा आणि निघण्याच्या दुपारी झोप काढा.

पोचल्यावर जेवण तिथल्या वेळेला, पहिले दोन दिवस हलकं. वरणभात किंवा मेतकूटभात पुरे. चहा-कॉफी दुपारी दोननंतर नको, कारण साधारण पाच तासांनंतरही कॅफिनचा अर्धा भाग शरीरात उरतो. अगदीच असह्य झालं तर गजर लावून वीस मिनिटांची डुलकी.

औषधं

इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहूनच घ्यावं. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला आखूड होतो, आणि डोस अंदाजाने सरकवणं धोक्याचं आहे. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. मेलाटोनिनचा (रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, ते गोळीच्या रूपातही मिळतं) उपयोग होतो, पण तेही योग्य वेळी घेतलं तरच. रक्त पातळ करणारी किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मेलाटोनिन स्वतःहून घेऊ नका.

परत आल्यावर

याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं, आणि अमेरिकेहून परतणाऱ्याला जास्त त्रास इथेच होतो. उन्हाळ्यात न्यू जर्सीचे पहाटेचे साडेचार म्हणजे ठाण्यातले दुपारचे 2. म्हणून आल्या आल्या पहाटे सहाला तलावपाळीवर चकरा मारू नका. सकाळी उठा, पण घरातच सावलीत राहा. तीन ते सहा बाहेर पडा, उपवनला जा, पाम बीच रोडच्या बाजूला चाला. ही वेळ रोज तासभर अलीकडे आणली की आठवड्याभराने सकाळचं फिरणं पुन्हा सुरू करता येतं. लंडनहून आलात तर उन्हाळ्यात तिथले पहाटेचे साडेचार म्हणजे इथले सकाळचे 9, त्यामुळे पहिल्या दिवशी नऊनंतर फिरायला जा.

भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना पहिले तीन दिवस संध्याकाळी सहाच्या आत बोलवा. आणि घोडबंदर रोडला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याला स्वतः गाडी चालवणं रात्रीची सलग झोप लागेपर्यंत टाळा, विमानतळावरून घरी येतानाही.