ज्युदो आणि स्वसंरक्षण शिकताना या चुका टाळा

नागपुरात महाल भागातील एका लहानशा सभागृहात मी गेली अठरा वर्षे ज्युदो आणि स्वसंरक्षण शिकवते आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात आणि त्याच सुमारास आमच्या मॅटवरही नवे चेहरे दिसू लागतात. चेहरे नवे असले तरी चुका मात्र जुन्याच असतात.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पडण्याचा सराव टाळणे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये कोदोकान या पहिल्या ज्युदो शाळेची स्थापना केली, तेव्हापासून ज्युदोमध्ये पडण्याची कला, म्हणजे उकेमी, हा पायाच मानला जातो. मागे पडताना हनुवटी छातीशी टेकवून नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची, श्वास सोडायचा आणि अंगापासून तीस ते पंचेचाळीस अंशांवर ठेवलेले हात कोपरापासून तळव्यापर्यंत एकदम मॅटवर आपटायचे, एवढेच त्याचे तंत्र आहे. हनुवटी आत असली की डोके मागे आपटत नाही, आणि हात आपटल्याने धक्का एका ठिकाणी न बसता पसरतो. हे महिनाभर रोज करावे लागते आणि ते कंटाळवाणे असते, हे मी नाकारत नाही.

काही वर्षांपूर्वी जिममध्ये शरीर कमावलेला एक विशीतला मुलगा आला. तिसऱ्याच दिवशी त्याने मला विचारले, "ताई, पडाचं कायले शिकाचं? आपल्याले तर पाडाचं आहे." सगळे हसले आणि मीही हसले. जुन्या मुलांना वजनदार जोडीदार हवाच होता, म्हणून मी त्याला दुसऱ्या आठवड्यापासूनच लढतीला उभे केले, आणि ही चूक पूर्णपणे माझी होती. एका संध्याकाळी ओसोतो-गारी या डावात त्याचा पाय बाहेरून झाडला गेला आणि मागे कोसळताना त्याने जो कोणी न शिकलेला माणूस करतो तेच केले: हात ताठ करून तळवा मागे टेकवला. ब्याऐंशी किलोंचा भार त्या एका मनगटावर आला. आवाजसुद्धा झाला नाही. तो उठून हसला, एक्स-रे काढला त्यातही काही दिसले नाही, आणि चौथ्या दिवशी क्रेप बँडेज गुंडाळून तो पुन्हा दारात हजर झाला. मी त्याचा अंगठा ताणायला सांगून त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तेथे बोट दाबले, तेव्हा त्याने हात असा झटक्यात ओढून घेतला की मी त्याला मॅटवर पाऊल ठेवू न देता पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवले. त्या खळग्याखाली नावेच्या आकाराचे एक लहान हाड असते. त्याला गेलेली तडा पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही आणि त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने ती भरायलाही वेळ लागतो. दहा दिवसांनी काढलेल्या दुसऱ्या एक्स-रेत ती रेघ दिसली. प्लास्टर जवळजवळ तीन महिने राहिले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की पाठीवर, दोन्ही कुशींवर आणि पुढे अशा शंभर पडण्या माझ्यासमोर नीट केल्याशिवाय कोणालाही लढत मिळत नाही. मी स्वतः वर्ग सुरू होण्यापूर्वी रोज चाळीस करते. माझ्या विद्यार्थिनींपैकी प्रत्यक्ष हल्लेखोर भेटलेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, पण पावसाळ्यात मोपेडवरून घसरलेल्या कितीतरी आहेत.

दुसरी चूक विद्यार्थ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांची अधिक आहे, आणि ती म्हणजे पुतळ्यासारख्या स्थिर जोडीदाराबरोबर सराव करणे. एका महाविद्यालयात मी दोन तासांच्या कार्यशाळेत साठ मुलींना मनगट सोडवण्याची रीत शिकवली होती: अंगठा आणि बोटे जेथे भेटतात तेथे पकड कच्ची असते, म्हणून त्या फटीच्या दिशेने हात फिरवून ओढायचा. सर्वांना ते जमले. शेवटी एका बारीक अंगाच्या मुलीने महाविद्यालयाच्या पहारेकऱ्यावर करून दाखवण्याची इच्छा व्यक्त केली. ते काका तरुणपणी कबड्डी खेळलेले होते. त्यांनी मनगट धरले, आणि धरून उभे न राहता सरळ ओढले. ती मुलगी अंगठा कोणत्या बाजूला आहे हे पाहत असतानाच तीन पावले फरफटत गेली आणि तिची एक चप्पल जागेवरच राहिली. मुली हसल्या, काका ओशाळले, आणि दोन तासांत मी या मुलींना केवळ खोटा विश्वास दिला हे मला त्या चपलेकडे पाहून कळले. आता मी तिसऱ्या दिवसापासून जोडीदाराला धरल्याबरोबर ओढायला लावते. ओढ लागताच त्याच्याच दिशेने पाऊल टाकून, मोठ्याने ओरडत हात सोडवायचा, आणि हे सर्व ओढणी, पाठीवरची बॅग व रोजच्या चपला यांसह करायचे. एका दिवसाच्या कार्यशाळेची आमंत्रणे मी स्वीकारत नाही, त्यामुळे काही संस्थाचालक नाराज आहेत.

किरकोळ चुकांबद्दल फार लिहीत नाही. मुठीत अंगठा आत दडपला तर मोडतो. करंगळीच्या बाजूने ठोसा मारला तर त्या बोटामागचे हाताचे हाड मोडते. तर्जनी आणि मधले बोट यांचीच गाठ समोर हवी. बोटांच्या फटीत किल्ली धरण्याचा सल्ला ज्याने पसरवला त्याने तशी किल्ली धरून एखाद्या पोत्यावर ठोसा मारून पाहावा. चार महिन्यांत बेल्टचा रंग विचारणाऱ्या पालकांना मी चहा देते, उत्तर देत नाही.

छातीवर 'योद्धा' छापलेले टीशर्ट घालून येणाऱ्या मुलांचा मात्र वेगळा विचार करावा लागतो, कारण पळून जाणे म्हणजे हार असे त्यांना मनापासून वाटते. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याचा वेढा चुकवून विशाळगडाकडे निसटले, याची आठवण करून दिली की ती थोडी गप्प होतात. उरलेल्यांना मी कायदा सांगते: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. समोरचा खाली पडल्यावर मारलेली लाथ बचावात मोडेल असे समजू नये. त्या क्षणी निघून जायचे आणि ११२ लावायचा.

राहिला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना वजन उतरवण्यासाठी प्लास्टिकचे जाकीट घालून धावणारी मुले मी फुटाळा तलावाच्या काठावर पाहिली आहेत. त्या जाकिटाने घाम सुकत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही, आणि जे वजन उतरते ते पाण्याचे असते. आमच्याकडे एप्रिल ते जूनमध्ये वर्ग पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि सातला संपतो; जाकीट घालून आलेल्याला ते काढून, तांब्याभर पाणी पिऊन, भिंतीशी बसून इतरांच्या पडण्या मोजाव्या लागतात.