कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसाचं चरित्र कसं लिहावं

शाळेच्या स्मरणिकेसाठी, गावातल्या स्मारकाच्या फलकासाठी किंवा एखाद्या दिवाळी अंकासाठी अशा पोलिसाबद्दल लिहायचं ठरतं, तेव्हा हाताशी सहसा एवढंच असतं: वर्तमानपत्राची दोन कात्रणं, गणवेशातला एक फोटो आणि शेवटच्या दहा मिनिटांची सगळ्यांना पाठ झालेली हकिगत. तेवढ्यावर लिहायला बसलं की पंधरा-वीस वर्षांची नोकरी एका वाक्यात संपते आणि उरलेल्या पानभर गोळीबार चालतो. ती वर्षं कागदावर परत कशी आणायची, ते इथे सांगितलं आहे. उदाहरणं जास्त करून २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवादी कसाबला पकडताना मारले गेलेल्या तुकाराम ओंबळे यांची घेतली आहेत, कारण त्यांच्याबद्दल लिहिताना ज्या चुका होतात त्याच गडचिरोलीच्या शिपायाबद्दल लिहितानाही होतात.

आधी वही

एक दोनशे पानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: तारीख, काय घडलं, कशावरून, पक्कं की कच्चं. तिसरा रकाना रिकामा ठेवून एकही ओळ लिहायची नाही. तीन वर्तमानपत्रांनी एकच तारीख दिली म्हणजे तीन पुरावे झाले असं नाही. तिघांनी एकाच पत्रकावरून उतरवलेली असते, त्यामुळे ती एकच नोंद धरायची.

पहिली अडचण जन्मतारखेचीच येते. सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या सरकारी नोंदवहीत, १ जून दिसली की थांबा. गावाकडच्या एका अख्ख्या पिढीची शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली ही तारीख आहे. आई सांगेल, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला.’ अशा वेळी मजकुरात ‘नोंदीप्रमाणे’ म्हणून कागदावरची तारीख द्या आणि आईची आठवण शेजारी तशीच ठेवा. दोन्हींचा मेळ घालून तिसरीच तारीख तयार करू नका.

गावाचं नाव तालुका आणि जिल्ह्यासकट लिहा. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. नुसतं ‘साताऱ्याचे’ लिहिलं तर साताऱ्याबाहेरच्या वाचकाला ते शहर वाटतं.

हुद्दा: सगळ्यात जास्त चुका इथेच

‘सहायक पोलीस उपनिरीक्षक’ आणि ‘सहायक पोलीस निरीक्षक’ ही दोन वेगळी पदं आहेत. पहिलं म्हणजे एएसआय, बोलीत सहायक फौजदार, खांद्यावर एक तारा. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस बहुधा उतारवयात तिथवर पोहोचतो. दुसरं म्हणजे एपीआय, फौजदाराच्या (उपनिरीक्षकाच्या) वरचं आणि निरीक्षकाच्या खालचं. कसाब पकडला गेला त्या गिरगाव चौपाटीच्या घटनेत दोन्ही हुद्द्यांची माणसं होती: मारले गेलेले ओंबळे सहायक उपनिरीक्षक, तर जखमी झालेले संजय गोविलकर सहायक निरीक्षक. घाईत लिहिणाऱ्यांनी ओंबळ्यांना कधी उपनिरीक्षक केलं, कधी निरीक्षक. मान वाढावा म्हणून हुद्दा वाढवू नका. शिपायापासून एका ताऱ्यापर्यंतचा प्रवास हाच तर त्या माणसाच्या नोकरीचा इतिहास असतो.

हुद्दा आणि नेमणूक यांचीही गल्लत होते. ‘एटीएस प्रमुख’ (दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख) ही त्याच हल्ल्यात मारले गेलेल्या हेमंत करकरे यांची नेमणूक होती, हुद्दा नव्हे. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हे करकऱ्यांसोबत मारले गेलेल्या विजय साळसकरांना वर्तमानपत्रांनी लावलेलं बिरुद. हुद्दा पोलीस निरीक्षक, नेमणूक खंडणीविरोधी पथकात. आयुक्तालयात ज्याला उपायुक्त म्हणतात त्याच दर्जाचा अधिकारी जिल्ह्यात अधीक्षक असतो. त्यामुळे अधीक्षकपदावरून उपायुक्त म्हणून आलेल्या माणसाची ‘बढती’ झाली असं लिहू नका. ती बदली असते.

‘नाईक’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ओंबळे आधी लष्करात होते आणि तिथून नाईक म्हणून निवृत्त होऊन १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत आले. हा नाईक लष्करातला. पोलीस नाईक हे शिपाई आणि हवालदार यांच्यामधलं पद होतं, आता ते राहिलेलं नाही. पण म्हणून जुन्या माणसाच्या बढत्यांच्या यादीतून ते गाळायचं नाही.

प्रशिक्षण कुठे झालं हे हुद्द्यावरून ताडून पाहा. उपनिरीक्षक नाशिकच्या अकादमीत शिकतात, शिपाई खंडाळा, नानवीज, जालना, अकोला, मरोळ अशा एखाद्या केंद्रात. भारतीय पोलीस सेवेतला अधिकारी हैदराबादला, पण १९७५ च्या आधीचा असेल तर माउंट अबूला. शिपायाचं प्रशिक्षण ‘नाशिकच्या अकादमीत’ असं कुणी सांगितलं तर ती नोंद कच्च्यातच राहू द्या.

कागद कुठून आणायचे

वरिष्ठ अधिकाऱ्याचं काम सोपं असतं. करकरे यांचं नागपूरचं अभियांत्रिकी शिक्षण, हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी, भारतीय पोलीस सेवेतली १९८२ ची तुकडी, ‘रॉ’ या गुप्तचर संस्थेसाठी ऑस्ट्रियात काढलेली वर्षं, २००८ च्या जानेवारीत एटीएसची सूत्रं, हे सगळं ठिकठिकाणी छापून आलेलं आहे. शिपायाचं काहीच छापलेलं नसतं. त्याचं आयुष्य तीन ठिकाणी सापडतं: सेवापुस्तकात, घरच्या ट्रंकेत आणि सोबत्यांच्या आठवणीत.

सेवापुस्तकात भरतीची तारीख, बदल्या, बढत्या, बक्षिसं आणि शिक्षा असतात. ते शेवटच्या घटकाच्या आस्थापना शाखेत असतं, म्हणजे जिल्हा असेल तर अधीक्षक कार्यालयात आणि शहर असेल तर आयुक्तालयात. प्रत मागायला वारसाच्या सहीचा साधा अर्ज बहुतेक वेळा पुरतो. नाही पुरला तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. ‘संपूर्ण सेवेची सर्व माहिती द्या’ असा अर्ज हमखास परत येतो. ‘भरती ते मृत्यू या काळातील नेमणुकांची ठिकाणे व कालावधी’ असं नेमकं मागितलं तर उत्तर मिळतं. अर्ज वारसाच्याच नावाने करा. परक्याने केला तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जाण्याची शक्यता जास्त.

बक्कल नंबर (पोलिसाच्या बिल्ल्यावरचा क्रमांक) टिपून ठेवा, पण एकाच नंबरावर विसंबू नका. नंबर घटकाचा असतो, जिल्हा बदलला की तोही बदलतो. जुन्या फोटोतला आणि ओळखपत्रावरचा नंबर जुळत नसेल तर माणूस वेगळा असेलच असं नाही, मध्ये बदली झालेली असू शकते. उलट त्यावरूनच फोटो कोणत्या काळातला ते ठरवता येतं.

माणूस माजी सैनिक असेल तर त्याची दोन दप्तरं झाली, एक पोलिसांकडचं आणि एक लष्कराकडचं. लष्कराच्या बाजूची सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा.

घरी जाताना

दिवसकार्य होईपर्यंत जाऊच नका. वर्षश्राद्धाच्या आठवड्यातही नको, तेव्हा घर पाहुण्यांनी आणि पुढाऱ्यांनी भरलेलं असतं. पहिल्या भेटीला त्याच ठाण्यातला, घरच्यांच्या ओळखीचा एखादा हवालदार सोबत असावा. बायकोला वहिनी किंवा ताई म्हणा, ‘वीरपत्नी’ हा शब्द भाषणात ठीक, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलताना नाही.

पहिला प्रश्न शेवटच्या दिवसाचा विचारू नका, तो त्यांनी शंभर जणांना सांगून झालेला असतो. ‘रात्रपाळी करून आले की काय करायचे?’ असं विचारा. भरतीच्या आधी काय काम करत होते, पोलीस लाइनीतली खोली कितवी, गणपतीत कधी रजा मिळाली होती का, डबा कोण न्यायचं, साप्ताहिक सुट्टी कितीदा रद्द व्हायची, हे विचारा. मग ट्रंक उघडली जाते. तिच्यात बदलीचे हुकूम, बक्षिसांची प्रमाणपत्रं, प्रशिक्षणाचा सामूहिक फोटो असतो. फोटोची मागची बाजू आधी पाहा, तिथे पेन्सिलीने लिहिलेली नावं असतात आणि तीच तुमच्या पुढच्या साक्षीदारांची यादी. मूळ कागद घराबाहेर न्यायचे नाहीत. मोबाइलने दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून, समोरची आणि मागची अशा दोन्ही बाजू टिपा आणि ट्रंक पुन्हा तशीच लावून द्या.

मिळालेली मदत, अनुकंपा नोकरी, घरातले वाद कानावर येतील. ते वहीतही नकोत.

घटना लिहिताना

आधी तारीख. ओंबळे कोणत्या दिवशी गेले असं विचारलं तर बहुतेक जण २६ नोव्हेंबर सांगतात. हल्ला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झाला, पण चौपाटीवरची नाकाबंदी आणि झटापट मध्यरात्र उलटल्यावरची, म्हणजे तारीख २७. रात्रीच्या घटनांत ही चूक कायम होते. पोलीस ठाण्याची दैनंदिनी आणि नियंत्रण कक्षाची नोंद यांतली वेळच धरा.

ठिकाणालाही दोन नावं असू शकतात. सगळे गिरगाव चौपाटी म्हणतात, न्यायालयाच्या निकालात तेच ठिकाण ‘विनोली चौपाटी’ म्हणून येतं. हे माहीत नसलेला माणूस निकालपत्र चाळून ‘यात हे प्रकरणच नाही’ म्हणतो.

निकालपत्र हा सगळ्यात भरवशाचा कागद, कारण त्यातली साक्ष उलटतपासणीतून गेलेली असते. कसाब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २९ ऑगस्ट २०१२ चा आहे. त्यात दहशतवाद्यांची स्कोडा गाडी कशी थांबली, चालकाने प्रखर दिवे लावून, काचेवर पाणी सोडून आणि वायपर चालू करून आतलं दिसू नये अशी तजवीज कशी केली, वळताना गाडी दुभाजकावर कशी अडकली, हे क्रमाने मिळतं. डाव्या बाजूने उतरलेल्या कसाबची रायफल ओंबळ्यांनी धरली, गोळ्या त्यांना लागल्या, पण बाकीच्यांना तेवढ्या वेळात तो जिवंत पकडता आला. गाडी चालवणारा दुसरा दहशतवादी अबू इस्माइल पोलिसांच्या गोळीबारात मेला. एवढं सरळ लिहिलं की पुरतं. ‘सिंहासारखी झेप’ वगैरे घातलं की वाचकाला गाडी, दुभाजक, अंतर काहीच दिसत नाही.

किती गोळ्या लागल्या हा आकडा प्रत्येक लेखात वेगळा सापडतो. शवविच्छेदन अहवालात असेल तोच द्या, नाहीतर आकडा देऊच नका. बुलेटप्रूफ जाकीट, मदत उशिरा येणं असे वादाचे मुद्दे असतील तर त्यांवर नेमलेल्या समितीच्या अहवालापुरतंच बोला. मुंबई हल्ल्याबाबत राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्य समिती होती.

एकाच वेळी अनेक जण गेले असतील तर आणखी जपावं लागतं. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस गेले, आणि त्यांच्या सोबत त्यांना नेणारा खासगी गाडीचा चालकही. पोलिसांची यादी करताना असा माणूस गळतो. तो पोलीस नव्हता असं स्पष्ट लिहून त्याची नोंद त्याच पानावर घ्या. आणि त्या भागात अजून नोकरीत असलेल्या सोबत्यांची नावं, त्यांची गावं, खबऱ्यांचे उल्लेख छापू नका. कुणी स्वतःहून सांगितलं तरीही नको.

पदकं आणि शब्द

अशोक चक्र हे पोलीस पदक नाही. ते शांतताकाळातलं सर्वोच्च शौर्यपदक. त्याची माहिती संरक्षण मंत्रालयाच्या बाजूला शोधायची. ओंबळे, करकरे, साळसकर आणि त्याच हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांना ते २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर दिलं गेलं. पोलिसांची शौर्यपदकं गृह मंत्रालयाची, त्यांच्या याद्या २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला निघतात. २०२४ पासून त्यांची नावं बदलली आहेत, पण माणसाला ज्या वर्षी पदक मिळालं त्या वर्षीचंच नाव वापरा. राज्याचं पोलीस महासंचालक सन्मानचिन्ह हे वेगळंच. ते गुणवत्तापूर्ण सेवेसाठी असतं आणि पुष्कळांना हयातीत मिळालेलं असतं. नोकरीची वर्षं सांगायला तेच जास्त उपयोगी पडतं: कोणत्या साली, कोणत्या कामासाठी, हे शोधा.

‘शहीद’ या शब्दाची सरकारी व्याख्या नाही. लेखात वापरायला हरकत नाही, पण ‘सरकारने शहीद घोषित केले’ असं लिहू नका. बंदोबस्तावर हृदयविकाराने गेलेला आणि हल्ल्यात मारला गेलेला यांची नोंद वेगवेगळी ठेवा. मान दोघांचाही ठेवायचा, फक्त कारण खरं लिहायचं. फलकावर ‘कै. हुतात्मा’ अशी जोडी नको, ‘हुतात्मा’ पुरे. ‘सहायक’ की ‘सहाय्यक’ हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मूळ शब्द ‘पोलीस’, पण प्रत्यय लागला की ‘पोलिसांनी’.

हजार शब्दांचा लेख असेल तर गाव, शाळा आणि घर यांना दोनशे, नोकरीला साडेचारशे, घटनेला दोनशे, पदकं आणि नंतरचं यांना उरलेले. दगडावरचा मजकूर पन्नास शब्दांच्या आत. कोरण्याआधी कागदावर खऱ्या आकारात छापून घरच्यांना दाखवा आणि त्यांची सही घ्या. दगडातली वेलांटी नंतर दुरुस्त होत नाही.

लेख २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनासाठी हवा असेल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. १९५९ मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले, त्याचा हा दिवस. त्या सकाळी वाचली जाणारी यादी आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंतची असते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलेल्या शिपायाचं नाव त्या ऑक्टोबरच्या यादीत सापडणार नाही. ते पुढच्या वर्षीच्या यादीत शोधा.